मंदीत निर्यातीचा आधार: लघुउद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळचा पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला, पण ट्रक भरावा असा मालच कुणी मागत नव्हतं. त्याच महिन्यात देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आधीच्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. माझ्या मशिन शॉपमध्ये दोन शिफ्टची एक शिफ्ट झाली. तरीही त्या वर्षी कुणाचा पगार थकला नाही, कारण जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याला आमचे ब्रॅकेट आणि कव्हर दर महिन्याला जात होते. एकूण धंद्याचा तो जेमतेम पाचवा हिस्सा होता.

तेव्हापासून गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, सांगलीचे ओळखीचे उद्योजक भेटले की ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

इथे मंदी असताना बाहेर मागणी कशी असेल? मंदी आली की सगळीकडेच येते ना?

सगळीकडे एकदम येत नाही, आणि आली तरी सारख्या जोराने येत नाही. २०१९ ची आपली वाहन उद्योगाची मंदी बरीचशी घरचीच होती. २०१८ च्या सप्टेंबरपासून बिगरबँक वित्तसंस्थांचा पतपुरवठा आटला, कर्जावर गाडी घेणारा गिऱ्हाईक थांबला, शिवाय १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ हे नवे नियम लागू होणार म्हणून कंपन्यांनी जुन्या गाड्यांचं उत्पादन आवरतं घेतलं. यातल्या एकाही कारणाचा जर्मनीतल्या पंपाशी संबंध नव्हता.

देशपातळीवरचं उदाहरण स्पेनचं आहे. २००८ नंतर तिथला बांधकामाचा फुगा फुटला, २०१३ च्या सुरुवातीला बेकारी २६ टक्क्यांवर गेली आणि घरचा बाजार कोसळला. अशा वेळी तिथल्या कारखान्यांनी रिकामी पडलेली क्षमता परदेशी बाजारांकडे वळवली. संकटाआधी स्पेनच्या राष्ट्रीय उत्पन्नात निर्यातीचा वाटा साधारण पाव होता, तो २०१३ पर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास पोचला. घरी विकलं जात नव्हतं म्हणूनच ते बाहेर पडले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८-०९ ची मंदी जगभराची होती. ऑक्टोबर २००८ पासून जवळपास वर्षभर भारताची निर्यात दर महिन्याला आधीच्या वर्षापेक्षा कमी होत गेली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ती साठ टक्क्यांनी पडली. तेव्हा निर्यात हा काही मंदीवरचा विमा नव्हे. आपला सगळा धंदा एकाच हवामानावर अवलंबून राहू नये एवढीच तिची सोय. कोरडवाहू शेतकरी तुरीत बाजरीचं आंतरपीक घेतो ते याच हिशेबाने.

ऑर्डरी निम्म्यावर आल्यात. आता निर्यात सुरू केली तर दोन-तीन महिन्यांत पैसा दिसेल का?

नाही. हे उत्तर ऐकून अनेकांचे चेहरे पडतात, पण खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. चौकशी, ड्रॉइंग, कोटेशन, नमुना, नमुन्याची तपासणी, त्यात एखादी दुरुस्ती, मग छोटी चाचणी ऑर्डर. एवढं होईपर्यंत इंजिनिअरिंग मालात सहा महिने सहज जातात, बऱ्याचदा वर्षही. त्यानंतर समुद्रातला प्रवास आणि वर साठ-नव्वद दिवसांची उधारी. मंदी आल्यावर निर्यातीच्या मागे लागणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

तरीही मंदीतच सुरुवात करा असं मी म्हणतो. एरवी ज्या कामांना वेळच मिळत नाही ती कामं मंदीत होतात. मशिन रिकामं असतं, त्यामुळे नमुने काढता येतात. चांगला ऑपरेटर हाताशी असतो आणि मालकालाही रात्री बसून ईमेलला नीट उत्तर लिहिता येतं. मंदी लांबली तर ही विहीर त्याच मंदीत पाणी देईल, नाही तर पुढच्या मंदीत नक्की उपयोगी पडेल. फक्त या महिन्याचा पगार निर्यातीतून निघेल असा हिशेब मांडू नका. त्यासाठी बँकेशी, गिऱ्हाइकाशी आणि कामगारांशी वेगळं बोलावं लागेल.

परदेशी गिऱ्हाईक फार कमी भाव मागतो. परवडतं कसं?

परवडतं की नाही हे तुमच्या खर्चाच्या फोडीवर ठरतं. बहुतेक छोट्या कारखान्यांत ही फोड कधी कागदावर उतरलेलीच नसते. समजा एका नगाला तुमचा एकूण खर्च ५०० रुपये आहे. त्यातले ३४० रुपये कच्चा माल, वीज, टूल, पॅकिंग, बंदरापर्यंतचं भाडं, म्हणजे नग बनवला तरच होणारा खर्च. उरलेले १६० म्हणजे शेडचं भाडं, कायम कामगारांचे पगार आणि मशिनचा हप्ता. नग बनवा वा न बनवा, हे १६० जाणारच.

आता परदेशी गिऱ्हाईक ४३० देतो म्हणाला. एरवी हा ७० रुपयांचा तोटा वाटेल. पण मशिन बंदच असेल तर या नगामागे ९० रुपये स्थिर खर्चाच्या पोटात पडतात. बंद मशिनवर एक रुपयाही पडत नव्हता.

पण यात एक धोका आहे आणि त्यात बुडालेली माणसं मी पाहिली आहेत. हा हिशेब फक्त रिकाम्या तासांपुरता खरा असतो. घरची मागणी परत आली की तेच मशिन तुम्ही ४३० च्या कामात अडकवलेलं असतं, आणि गिऱ्हाईक म्हणतो, गेल्या वर्षी याच भावात दिलात, आता कशाला वाढवता? म्हणून कोटेशनवर मुदत घाला. पिग आयर्न, स्क्रॅप किंवा सूत यांच्या भावाला जोडलेली वाढीव दराची अट पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ड्यूटी ड्रॉबॅक आणि रोडटेप, म्हणजे मालावर आधी बसलेले कर-शुल्क निर्यातदाराला परत देणाऱ्या सरकारी योजना, यांचे पैसे धरून भाव काढू नका. ते दर सरकार बदलतं. मिळाले तर वरकमाई समजा.

कोणत्या नोंदण्या लागतात?

वाटतात तेवढ्या अवघड नाहीत. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढा. फी ५०० रुपये, क्रमांक म्हणजे तुमचाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करायचा असतो, बदल नसला तरी. हे विसरलात तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते नेमकं माल बंदरावर पोचल्यावर कळतं. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचं काम करणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक घेऊन कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा. आपल्या मालाच्या निर्यात परिषदेचं सदस्यत्व घ्या. इंजिनिअरिंगला ईईपीसी, हळदी-मिरचीला मसाले मंडळ, द्राक्ष-बेदाण्याला अपेडा. बाकी कागद कस्टम हाउस एजंट करतो, पण एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, मात्र स्वतः समजून घ्या. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात आणि पुढचे आकडे प्रत्येक देश आपले लावतो, आणि तिथे शुल्क किती लागेल ते त्या पूर्ण कोडवर ठरतं.

पैसे बुडाले तर? परदेशात कुठे मागत फिरणार?

ही भीती रास्त आहे. पण इथला अनुभवही आठवून बघा. मोठ्या कंपनीकडून पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावेत असा आपल्याकडे कायदा आहे, तरी शंभर-सव्वाशे दिवस वाट पाहणारे किती आहेत? माझ्या अनुभवात जर्मन गिऱ्हाइकाचे पैसे तारीख चुकवून आलेले नाहीत. घरचे मात्र दिवाळीच्या तोंडावर फोन करकरून काढावे लागले आहेत.

तरी विश्वासावर धंदा करू नका. नव्या गिऱ्हाइकाकडून काही रक्कम आगाऊ घ्या, बाकीची बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत दाखवल्यावर आणि मूळ कागद हातातून सोडण्याआधी. रक्कम मोठी असेल तर लेटर ऑफ क्रेडिट मागा, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक माल पाहत नाही, कागद पाहते. कंपनीच्या नावातलं एक अक्षर चुकलं किंवा माल चढवण्याची तारीख एका दिवसाने उलटली तरी कागद परत येऊ शकतात. लेटर ऑफ क्रेडिट आल्या दिवशी चहा बाजूला ठेवून ओळ न् ओळ वाचा. जमणार नाही अशी अट असेल तर लगेच दुरुस्ती मागा.

उधारीवर माल देण्याची वेळ आली तर ईसीजीसीचा निर्यात पतविमा घ्या. ही केंद्र सरकारची कंपनी १९५७ पासून मुंबईतून काम करते. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले किंवा त्या देशात युद्ध, पैसे बाहेर पाठवायला बंदी असं काही झालं तर नुकसानीचा ठरलेला हिस्सा ती देते. शिवाय ती परदेशी खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवते. तिने एखाद्याची मर्यादा नाकारली तर तोच मोठा इशारा समजा. मंदीच्या काळात हे दुप्पट लागू आहे, कारण तेव्हा जुनी नावाजलेली गिऱ्हाइकंही अचानक बसतात.

आणि ऑर्डर देण्याआधी जो तुमच्याकडेच नोंदणी फी किंवा टेंडर फी मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे.

माल गेल्यापासून पैसे येईपर्यंत चार महिने. तेवढं भांडवल कुठून आणू?

बँकेतल्या नेहमीच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यावर, हा भार टाकू नका. ऑर्डर हातात आली की पॅकिंग क्रेडिट मागता येतं, म्हणजे माल तयार करण्यासाठी त्या ऑर्डरवर मिळणारं कर्ज. माल गेल्यावर बिल वटवून ते फेडायचं. ते परकीय चलनातही मिळतं. आमच्याकडच्या छोट्या शाखांना याची सवय नसते, तेव्हा परकीय चलनाचं काम करणारी शाखा कोणती ते विचारा.

जीएसटीत पैसा अडकू नये म्हणून दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र भरा. मग निर्यातीच्या बिलावर आयजीएसटी न भरता माल जातो आणि कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. पैसे परत आणायलाही रिझर्व्ह बँकेने मुदत घातलेली आहे. चालू मुदत किती ते बँकेकडून लेखी घ्या.

रुपया घसरला की निर्यातदाराची चांदीच ना?

अर्धं खरं. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या घरात होता, मार्च २००९ मध्ये ५१ च्या वर. २०१३ मध्ये मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो ५४ च्या आसपासून ६८ पर्यंत गेला. घरी मंदी असताना रुपया बऱ्याचदा पडतो आणि त्याच वेळी तुमचं डॉलरचं बिल रुपयांत फुगतं, हा आधार खरा आहे. पण गिऱ्हाईकही वर्तमानपत्र वाचतो, तोही सूट मागतो. कच्चा माल आयातीच्या भावाशी बांधलेला असेल तर तोही महागतो.

बिलाच्या निम्म्या रकमेचं फॉरवर्ड कव्हर घेऊन, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव बँकेशी आजच ठरवून, बाकी मोकळी ठेवणं मला बरं वाटतं. त्यापलीकडच्या गुंतागुंतीच्या करारांना हात लावू नका. २००८ मध्ये तिरुपूरचे बरेच कपडे निर्यातदार अशाच चलन-करारांत पोळले होते. त्यांचा कपड्यांचा धंदा चांगला होता.

स्वतः निर्यात करू की मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत?

पहिलं वर्ष-दोन वर्षं मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याचा माल विकत घेऊन बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, करायला हरकत नाही. त्याला माल ०.१ टक्के सवलतीच्या जीएसटीने देता येतो आणि त्याने तो तुमच्या बिलापासून ९० दिवसांत देशाबाहेर पाठवायचा असतो. कागद आणि परदेशी वसुली त्याच्या अंगावर. तुम्हाला पॅकिंग आणि दर्जाची शिस्त लागते. तोटा हा की मालाचा शेवटचा वापर करणारा कोण ते तुम्हाला कळत नाही आणि मंदीत भाव पाडायची वेळ आली की पहिला फोन तुम्हालाच येतो. इचलकरंजीचे अनेक यंत्रमागवाले वर्षानुवर्षं असे अप्रत्यक्ष निर्यातदार आहेत आणि आपलं कापड कुठल्या देशात जातं हे त्यांना सांगता येत नाही. हळूहळू निदान एक गिऱ्हाईक तरी थेट असावा.

एक चांगला गिऱ्हाईक मिळालाय, सगळी क्षमता मागतोय. देऊ का?

देऊ नका. घरच्या एका कंपनीच्या शेड्यूलवर जगणं आणि परदेशातल्या एका कंपनीच्या शेड्यूलवर जगणं यात फरक फक्त अंतराचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावरचं वाढीव शुल्क आधी २५ टक्क्यांवर, आणि मग त्या महिन्याच्या २७ तारखेपासून एकूण ५० टक्क्यांवर नेलं. फक्त अमेरिकेलाच माल देणाऱ्या बऱ्याच जणांच्या ऑर्डरी थांबल्या. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कधी आपलंच सरकार दार बंद करतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. तोपर्यंत नाशिक-लासलगावच्या कांद्याचे परदेशी खरेदीदार दुसरीकडे वळले होते, आणि त्यांना परत आणणं किती कष्टाचं असतं हे तिथल्या व्यापाऱ्यांना विचारा. कधी समुद्रच आडवा येतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला आणि भाडं चढलं.

निर्यात एकूण धंद्याच्या पाव ते निम्मी, आणि ती निदान दोन वेगळ्या प्रदेशांत, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून व्यापार करार लागू आहेत. तिथे मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं तर बऱ्याच मालाला शुल्क सवलत मिळते. युरोपला लोखंड-पोलाद पाठवत असाल तर तिथल्या कार्बन शुल्काच्या, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर लागणाऱ्या शुल्काच्या, यादीत आपला कोड आहे का तेही पाहा. त्या शुल्काचा प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे.

माल नाकारला तर सगळंच बुडेल?

माझी पहिली मोठी खेप जुलैमध्ये गेली. बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये दमट हवा. तेल लावलं होतं, पेट्या प्लॅस्टिकने गुंडाळल्या होत्या, लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्काही होता. सहा आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा ईमेल आला, सोबत फोटो. मशिनिंग केलेल्या चकचकीत पृष्ठभागावर तांबूस गंज, आणि त्या गंजात चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटलेला. पॅकिंग करणाऱ्याच्या हाताचा घाम. त्यातलं मीठ तेलाखाली सहा आठवडे काम करत राहिलं होतं. कुणाच्याही मापाच्या रिपोर्टमध्ये हे आलं नसतं.

गिऱ्हाइकाने माल परत पाठवला नाही, साफसफाईचा खर्च बिलातून कापला. त्या दिवसापासून आमच्याकडे पॅकिंगला सुती हातमोजे, गंजरोधक कागदाच्या पिशव्या, प्रत्येक पेटीत सिलिका जेल, आणि पावसाळ्यात माल पुसून कोरडा केल्याशिवाय तेल नाही. गंमत अशी की त्या वर्षी घरच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारीही कमी झाल्या.

द्राक्ष बागायतदारांनी याहून मोठा धडा घेतला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि नाशिक-सांगलीचे कितीतरी शेतकरी अडचणीत आले. पण बागेच्या नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत सगळं घट्ट केल्यावर बाजार परत मिळवला.

माझा एमआयडीसीतला कारखाना नाही. घरातून चपला, मसाले, गोधड्या विकते. मला काय उपयोग?

तुम्हाला कंटेनरची गरजच नाही, हा तुमचा फायदा. डाकघर निर्यात केंद्रातून छोटी पार्सलं परदेशी जातात आणि निर्यातीचं बिलही तिथेच ऑनलाइन भरता येतं. आयईसी मात्र हवाच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. सांगलीची हळद, सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांनाही मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवा, नाही तर मानांकन जिल्ह्याचं राहील आणि भाव दुसरा घेईल. मसाल्यांत कीटकनाशकांची तपासणी टाळू नका. चपलेत परदेशी मापांचा तक्ता नीट द्या, परत आलेलं पार्सल नफा खाऊन टाकतं.

निर्यातीने उलाढाल वाढली तर उद्यम नोंदणीवर लघुउद्योगांना मिळणाऱ्या सवलती जातील का?

नाही. सूक्ष्म, लघु, मध्यम ठरवताना निर्यातीची उलाढाल वगळली जाते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा १० कोटी, लघूची १०० कोटी उलाढाल आहे, गुंतवणुकीची अट वेगळी. तुमचा सीए हे विसरला असेल तर आठवण करून द्या.

गिऱ्हाईक शोधायचा कसा? आणि इंग्रजी कच्चं आहे.

इंग्रजी कच्चं असलेलं चालतं, उत्तर उशिरा गेलेलं चालत नाही. चोवीस तासांत दोन ओळींचं का होईना उत्तर द्या, आणि जमणार नसेल तर तसं लिहा. पहिला गिऱ्हाईक बहुधा ओळखीतून मिळतो. ज्या कंपनीला इथे माल देता तिच्या परदेशी शाखेचा खरेदी विभाग, किंवा निर्यात परिषदेच्या प्रदर्शनातला सामायिक स्टॉल. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन प्रदर्शनांसाठी चालू असलेल्या मदतीची यादी मागा.

नमुना पाठवताना एक करा. खास माणूस लावून, घासून-पुसून देखणा नग काढू नका. रोजच्या मशिनवर, रोजच्या ऑपरेटरकडून, रोजच्या वेगाने तीन नग काढा. तिन्हींची सगळी मापं कागदावर घ्या. दोन गिऱ्हाइकाला पाठवा आणि तिसरा तारखेची चिठ्ठी बांधून तुमच्या टेबलामागच्या फळीवर ठेवा. दोन महिन्यांनी तिकडून ईमेल येईल की अमुक भोक पाच शतांश मिलिमीटरने मोठं आहे. तेव्हा वाद घालायच्या आधी तो तिसरा नग फळीवरून काढून मोजा.